माझ्याकडे राहिलेला जबाब

निवृत्तीकाका गेल्याचं मला कोर्टाच्या भिंतीशी कळलं, तेही पंधरा-सोळा दिवस उशिरा. मी महिनाभर सुरगाण्याकडे होते. परतल्यावर एका अर्जाच्या कामाला गेले, तर त्यांच्या टेबलामागे एक तरुण टायपिस्ट बसलेला. "म्हातारा गेला ताई," तो टायपिंग न थांबवता म्हणाला. "द्वारकेच्या चौकात बसमधून उतरताना पडला." शेजारचा स्टॅम्पवाला उसळून म्हणाला, "पडला कुठं? झोपेत गेला. मंगळवारी. मी होतो मातीला." "मंगळवार कसा? गुरुवार. मीपण होतो की मातीला!" दोघं माझ्यादेखत भांडायला लागले आणि मला, खरं सांगते, हसू आलं. काका असते तर त्यांनी एकाला चहाच्या टपरीवर पाठवलं असतं, दुसऱ्याला समोर बसवलं असतं आणि विचारलं असतं, त्या दिवशी सकाळी तू काय करत होतास? मग हसण्याची लाज वाटली. तिथेच पायरीवर बसून राहिले. पुढे त्यांच्या सुनेकडून कळलं की दोघांचंही खरं होतं. काका द्वारकेवर पडले होते आणि त्यानंतर आठवडाभराने झोपेत गेले. वार मात्र तिलाही सांगता येईना. "ताई, त्या दिवसांत वार कुठं कळतोय..." ती म्हणाली.

हा लेख मी काकांचा गौरव करायला लिहीत नाही. गौरव त्यांना सोसलाही नसता. त्यांनी लिहिलेला एक कागद चार वर्षं माझ्या ट्रंकेत पडून आहे, आणि त्या कागदामुळे एका माणसाची शिक्षा टिकेल किंवा जाईल. तो कागद मी दाबून ठेवला. का ठेवला, आणि आता तो पुढे करताना माझाच गोंधळ का उडाला आहे, हे सांगायचं तर काकांबद्दल सांगावं लागतं.

काका मूळचे वणीकडचे. घरची थोडी शेती, पण उमेद गेली ती पोलिसात. ठाण्यात जो हवालदार जबाब लिहितो त्याला रायटर म्हणतात. काका सगळी नोकरी रायटर होते. निवृत्तीनंतर कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहू लागले. अक्षर मोठं, गोल, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं. ते म्हणायचे, "ठाण्यात मी हजारो माणसांचे जबाब लिहिले आन सगळे एकाच माणसाचे निघाले. माझे." सरकारी जबाब एका ठरलेल्या वाक्याने सुरू होतो : समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की... त्या वाक्यावर बोट ठेवून ते म्हणत, "घोटाळा इथंच हाय बघ. आपण विचारतो, म्हणून तो सांगतो. आपण लाल गाडी विचारली की त्याला लाल गाडी दिसाय लागते. बिचारा खोटं बोलत नाय. मदत करतो आपल्याला." हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. वीस वर्षं चुकीच्या पद्धतीने लिहून ते स्वतःच तिथे पोहोचले होते, आणि पोहोचले तेव्हा नोकरी संपली होती.

मी त्यांच्याकडे कशी वळले याचंही मला नवल वाटतं. पोलीस म्हटला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझे वडील कंपोझिटर. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. मोर्चाचं, बहिष्काराचं, पाण्याच्या हक्काचं पत्रक. वाक्य कुठे तोडायचं आणि उद्गारचिन्ह कुठे ठोकायचं हे मला शाळेआधी कळत होतं. आणीबाणीत एकदा छापखान्यावर पोलीस आले. मी कोपऱ्यात शाईच्या डब्यांमागे उभी होते. त्यांच्यातल्या एका हवालदाराने गठ्ठे जप्त करताना एक गठ्ठा पायाने टेबलाखाली सरकवला आणि तो जप्तीच्या यादीत लिहिलाच नाही. हे मला लख्ख आठवतं. तो हवालदार म्हणजे निवृत्तीकाका, हेही मला आठवतं. बाबा म्हणतात, तो दुसराच, दाढीवाला होता, आणि गठ्ठा बाबांनीच आधी लपवला होता. मी काकांना विचारलं तर ते म्हणाले, "असंल. तसले लय छापखाने केले." पुढे म्हणाले, "आन तू मला आवडत्या माणसात धरायला लागलीस, तवापास्नं तो हवालदार माझ्यासारखा दिसाय लागला असंल."

आता त्या जीपची गोष्ट. द्राक्षाच्या छाटणीला सुरगाण्याच्या पाड्यांवरून माणसं आणतात. मुकादम जीप पाठवतो, त्यात माणसं कोंबतात, वरून बोचकी. त्या वर्षी एका जीपमध्ये बावीस माणसं होती. वणीकडे येताना घाटात जीप घसरली आणि दोन बायका गेल्या. आमची संघटना दुसऱ्या दिवशी पाड्यावर पोहोचली. एक तरुण संतापून पुढे आला. तो जीपमध्ये नव्हता, मागाहून धावत गेला होता. "मुकादमच चालवत व्हता," तो म्हणाला, "पिलेलाच असंल." मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. 'असंल' माझ्या पत्रकात बसत नव्हतं. मी लिहिलं : दारूच्या नशेत धुंद मुकादमाने बेदरकारपणे जीप दरीत घातली! तिसऱ्या दिवशीच्या शोकसभेत मी ते स्वतः वाचलं. लोक म्हणाले, परत वाचा. मी तीनदा वाचलं. संघटनेची रीत अशी की जबाबाला जायच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसायचं, म्हणजे ठाण्यात कुणाला एकटं गाठून फोडता येत नाही. आम्ही बसलो. एकाचं अडलं तिथे दुसऱ्याने पुरवलं. ठाण्यात अकरा जणांनी अकरा जबाब दिले आणि अकराही जबाबांत जीप बेदरकारपणे चालत होती. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! एकीचं बळ, असं मी पुढच्या पत्रकात लिहिलंसुद्धा.

मुकादम पहिल्यापासून एकच सांगत होता : ड्रायव्हर चालवत होता, मी त्याच्या शेजारी होतो, जीप पडल्यावर ड्रायव्हर पळाला. त्या ड्रायव्हरचा पत्ता कधीच लागला नाही. आम्ही म्हणालो, ड्रायव्हर नव्हताच.

खटला उभा राहायची वेळ आली तेव्हा आमच्या संघटनेचे वकील अस्वस्थ झाले. "अकरा माणसं एकाच शब्दात बोलतात तेव्हा समोरचा वकील खूश होतो," ते म्हणाले. "कोर्टाबाहेर तो जुना रायटर बसतो, त्याच्याकडे एक साक्षीदार नेऊन बघ." मी सोनीबाईला नेलं. चाळिशीची बाई, जीपमध्ये होती, हात मोडला होता. मेलेल्या दोघींपैकी एक, सखू, तिची जाऊ. मी टेबलाशी जाऊन जय भीम घातला. काकांनी रामराम केला. मी पत्रक काढून सांगायला सुरुवात करणार, तोच त्यांनी हात वर केला. "ठेव ते. मला काय बी सांगू नको. मी वाचलं की ते माझ्या तोंडातून निघंल." मग सोनीबाईला म्हणाले, "बाई, काय झालं?" सोनीबाई हात जोडून उभी राहिली आणि पाठ म्हटल्यासारखी म्हणाली, "मुकादमानं दारूच्या नशेत बेदरकारपणे..." काका खो खो हसायला लागले. "बेदरकार! सुरगाण्यात भात पिकतो, नागली पिकते. हे कधीपास्नं पिकाय लागलं?" आणि माझ्याकडे वळून, "पत्रकबाई, हे तुमचं बियाणं दिसतंय." मी तेव्हाच उठून जाणार होते. सोनीबाईही हसली म्हणून बसले.

त्या दिवशी त्यांनी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी द्वारकेजवळच्या आपल्या खोलीवर बोलावलं. खोलीत त्यांनी दोन बाकं समोरासमोर मांडली होती, जीपच्या मागच्या भागात असतात तशी. मला दारापाशी बसवलं आणि सांगितलं, "तू बोलायचं नाय. खोकला आला तरी भाईर जाऊन खोकायचं." सोनीबाईला म्हणाले, "तू कुठं बसली होतीस तिथं बस. मांडीवर काय होतं?" "बोचकं." त्यांनी चादरीचं बोचकं करून दिलं. ते तिने घट्ट धरलं. "सकाळी काय खाल्लंवतं?" मला वाटलं, हा म्हातारा वेळ घालवतोय. "नागलीची भाकर आन चटणी." "कुणाचं कोपर लागत होतं?" "सखूच्या गुडघ्याला गुडघा लागत व्हता." "वास कसला येत होता?" ती थांबली. "राकेलचा. आन... नव्या लुगड्याचा. सखूनं नवं नेसलं व्हतं." "जे आठवंल ते सांग. बारीकसारीक, बिनकामाचं, सगळं. नाय आठवलं तर नाय म्हण. मी नाय आठवत असंच लिहिणार." आणि मग ते गप्प बसले. मी कधी कुणाला इतका वेळ गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. बाहेर ट्रकांचे भोंगे वाजत होते. सोनीबाई बोलायची, थांबायची, परत बोलायची, आणि ते तिचेच शब्द लिहायचे. ती थांबली की कागदावर टिंबं टाकायचे. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "मी गप बसलो त्याची टिंबं. म्हंजे वाचणाऱ्याला कळंल, इथं कुणी ढोसलं नाय."

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी तिला उलटीकडून सांगायला लावलं. "आता तू रस्त्यावर उभी हायेस. जीप खाली पडली हाय. त्याच्या आधी काय? त्याच्या आधी?" सरळ सांगताना माणूस गोष्ट सांगतो, म्हणाले, आणि गोष्टीला सवयीची वाट असते. उलटं चालताना पाय बघून टाकावा लागतो. सोनीबाई एकेक पायरी मागे येत गेली. पडण्याआधी बायका ओरडल्या. ओरडण्याआधी जीप डुलली. डुलण्याआधी... ती बराच वेळ समोर, काकांच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "त्या गोल चाकावर हात व्हता. बारीक हात. मनगटाला काळा दोरा."

मुकादम जाडजूड माणूस. त्याच्या मनगटाला घड्याळ असायचं, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं.

काकांनी मान वर केली नाही. ते म्हणाले, "आता उठ आन तुझ्या जावेच्या जागेवर बस. तिला काय दिसत असंल?" सोनीबाई समोरच्या बाकावर जाऊन बसली आणि रडली. किती वेळ, ते आठवत नाही. मग म्हणाली, "मुकादम मागं वळून हसला. म्हणाला, वणीला चहा पाजतो." चालवणारा माणूस मागे वळून हसतो की शेजारी बसलेला? दोघेही हसतात. मी काकांकडे पाहिलं, म्हटलं, आता हे सोडवतील. ते अंगठा घ्यायला स्टॅम्पपॅड शोधत होते.

सोनीबाई पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा मी त्यांच्यावर तुटून पडले. "तुम्ही आमची साक्षीदार फोडलीत!" "मी चाकाचं नाव बी काढलं नाय." "मग खरं काय? कोण चालवत होतं?" "मला काय ठाव? मी जीपमध्ये होतो का?" "मग एवढं सगळं करून उपयोग काय?" ते चष्मा पुसत म्हणाले, "तिनं काय पाह्यलं ते निघतंय, तेवढंच. त्यातलं बी सगळं खरंच असंल असं नाय. पर ते तिचं हाय, तुझं नाय." कागद त्यांनी माझ्या हातात दिला. "वकिलाला दे, नायतर फाड. दुसरी प्रत मी केलेली नाय."

मी दिला नाही, फाडलाही नाही. वकिलांना सांगितलं की म्हाताऱ्याचा काही उपयोग झाला नाही. सोनीबाईला साक्षीला उभंच केलं नाही. बाकीचे दहा उभे राहिले, एका सुरात बोलले, आणि समोरचा वकील खूश झाला तरी कोर्टाने त्यांच्यावर विश्वास ठेवला. मुकादमाला शिक्षा झाली. त्याने अपील केलं, जामिनावर सुटला. आम्ही पाड्यावर सभा घेतली. त्या सभेत मी बोलले ते भाषण माझं सगळ्यात चांगलं भाषण होतं असं लोक अजून म्हणतात.

मी स्वतःला समजावत आले : चाकावर कोणाचाही हात असो, बावीस माणसं एका जीपमध्ये कोंबणारा हात मुकादमाचाच होता. हे मी आजही तितक्याच मोठ्याने म्हणते. ज्या क्षणी त्याने विसाव्या, एकविसाव्या, बाविसाव्या माणसाला आत ढकललं त्या क्षणी गुन्हा घडला होता, घाट तर पुढे होता. मग मला दारू कशाला लागली? त्याला चाकामागे बसवायची गरज का पडली? जे खरं होतं तेच एवढं भयंकर होतं की त्यावर पत्रक पेटलं असतं. कोंबण्याची शिक्षा कमी, हे माहीत होतं म्हणून? की नुसतं ते वाक्य जास्त छान झालं होतं म्हणून?

काकांकडे मी त्यानंतरही जात राहिले. कधी अर्जासाठी, कधी उगीच. त्यांनी कागदाबद्दल एकदाही विचारलं नाही. "काय पत्रकबाई, आज कुणाला दरीत घातलं?" एवढं मात्र दर वेळी विचारायचे. मी चिडायचे. आता वाटतं, ते त्या कागदाचंच विचारत होते. की हेही मी आता, ते गेल्यावर, त्यात घालते आहे?

त्यांच्या सुनेला भेटून आले त्या संध्याकाळी ट्रंक उघडून कागद वाचला. अपिलाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. सगळं होतं तसंच होतं, भाकर, राकेल, नवं लुगडं. 'डुलण्याआधी' या शब्दापुढे टिंबांची लांबच लांब ओळ, आणि मग काळा दोरा. ती टिंबं मी बोटाने मोजायला लागले आणि मध्येच थांबले. कारण मला आठवलं की तिथे शांतता नव्हती. मी बोलले होते. दारातून, न राहवून, मी म्हणाले होते, "मुकादमाच्या हातात घड्याळ होतं ना, सोनीबाई?" आणि त्यावर ती म्हणाली होती, नाही, दोरा. मला माझा आवाज ऐकू येतो. काकांनी माझ्याकडे टाकलेली नजर दिसते. मग त्यांनी माझा प्रश्न का लिहिला नाही? जो माणूस 'नाय आठवत'सुद्धा लिहायचा तो हे गाळेल? मला वाचवायला? की मी ते फक्त मनात म्हणाले होते, आणि चार वर्षं मनात म्हणत राहिल्याने त्याला आवाज आला? मी माझ्या खोलीत दाराशी जाऊन बसले. त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं ते आठवून पाहिलं. उलटीकडून आले. प्रत्येक वेळी टिंबांपाशी आले की कधी शांतता ऐकू येते, कधी माझा आवाज. मी बोलले असेन तर हात माझ्या प्रश्नातून उगवला असेल. नसेन, तर तो तिने पाहिलेला हात आहे आणि चाकामागे दुसरंच कोणी होतं. हे सांगू शकणारा माणूस मातीत गेला, आणि मी त्याला चार वर्षांत एकदा विचारलं नाही.

कागद मी वकिलांना दिला. त्यांनी आधी मला यथेच्छ झापलं. मग म्हणाले, जबाब घेणारा जिवंत असता तर कोर्टासमोर काही सांगता आलं असतं, आता तू तिथे होतीस, तू बोल. तू मध्ये बोललीस की नाही? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, असं चालत नाही. मी म्हटलं, मग काय लिहू? संघटनेतल्या एकाने मला तोंडावर मुकादमाची माणूस म्हटलं.

गेल्या आठवड्यात मी सोनीबाईकडे गेले. ती अंगणात नागली पाखडत होती. मी तिला काळ्या दोऱ्याचं काही विचारलं नाही, एवढं तरी मी शिकले आहे. म्हटलं, कोर्टात तुला बोलवतील, त्या दिवशी खोलीत जे सांगितलंस ते परत सांगावं लागेल. तिने सूप खाली ठेवलं.

"तो म्हातारा असंल ना तठं?"

मी सांगितलं, तो गेला.

कोंबडी येऊन दाणे टिपत राहिली, तिने हाकलली नाही. मग म्हणाली, "मंग माझं कोण लिहील?"

"मी लिहीन," मी म्हटलं.

सोनीबाईने माझ्याकडे नीट पाहिलं. पुन्हा सूप उचललं आणि म्हणाली, "तू बोलती लय."